घासणे आणि माखणे

मराठीत ‘घासणे’ आणि ‘माखणे’ या क्रियापदांची कुळे निरनिराळी आहेत. घासणे, खरवडणे, तासणे, झिजवणे ही वस्तूपासून काही काढून घेणारी; माखणे, लेपणे, सारवणे, चोपडणे ही वस्तूवर काही ठेवणारी. ‘घोटणे’ हे मात्र दोन्ही घरी जेवणारे क्रियापद. हातकागदाच्या काळी कागदाला खळ देऊन वाळवीत आणि मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने तो घोटीत; त्यात खळ बसविण्याचाही भाग होता आणि कागदाचा खडबडीतपणा मोडण्याचाही. ‘पुसणे’ या क्रियापदाकडे तर कोणी संशयाने पाहतही नाही. ते आईच्या पदराचे, पाटीवरच्या ओल्या बोळ्याचे, देवघरातल्या समईचे क्रियापद. त्याच्या निरागसपणाविषयी थोडी शंका घ्यावयास जागा आहे. परंतु ती या हकीकतीच्या ओघात.

हैदराबादेत काचीगुड्याच्या बाजूला मराठी घरे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. तेथल्या एका बैठ्या घराच्या ओट्यावर, गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका रविवारी, फोमचे पाच पॅड एका ओळीत मांडलेले होते: पिवळा, नारिंगी, पांढरा, निळा आणि काळा. प्रत्येकाचा व्यास जेमतेम तीन इंच; बालूशाहीपेक्षा थोडा मोठा. शेजारी मुठीत मावेल एवढे, विजेवर चालणारे पॉलिशचे यंत्र. अंगणात शहाबादी फरशीवर १९८२ सालची, फिकट निळ्या रंगाची प्रीमियर पद्मिनी उभी होती. आणि वेताच्या खुर्चीत, या सर्वांकडे तोंड करून, परंतु यांपैकी फारसे काही स्पष्ट न दिसणारे, ब्याऐंशी वर्षांचे अण्णा बसले होते. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे समोरच्या वस्तूचा मधला भाग त्यांना दिसेनासा झाला होता. कडा तेवढ्या दिसत. माणसाशी बोलताना ते त्याच्या खांद्याकडे पाहत, म्हणजे त्याचा चेहरा थोडाफार हाती लागे.

गाडीचे जाणे ठरलेले होते. घराची जागा इमारत बांधणाऱ्याकडे द्यावयाची होती आणि नव्या इमारतीत वाहनासाठी जी एक चौकट वाट्याला येणार होती तीत मुलाची रोजच्या वापराची गाडी राहणार होती. पद्मिनीचे इंजिन अजून सुरू होत असे. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करण्याचा सोपस्कारही अण्णांनी निष्ठेने पाळला होता. परंतु ती चालविणारे कोणी उरले नव्हते. स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला तो गिअर नातवंडांना एखाद्या वाद्यासारखा वाटे. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघणे बंद होऊन दोन तपे उलटली. मुंबईच्या रस्त्यांवरची या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा ती बातमी अण्णांनी नातीकडून दोनदा वाचून घेतली होती. पुण्याचे एक संग्राहक गाडी पाहावयास येणार होते. दूरध्वनीवर त्यांनी इंजिनाविषयी चौकशी केली नाही, टायरांविषयी केली नाही. त्यांचा प्रश्न एकच होता: “रंग मूळचा आहे ना? मूळचा असेल तर कृपा करून काही करू नका.”

हा निरोप घेतला अण्णांनी, आणि तो मुलाला सांगावयाचे राहून गेले. मुलगा, म्हणजे पन्नाशीला आलेला एक गृहस्थ, माधापूरच्या एका संगणक-कंपनीत काम करणारा. त्याचा हेतू सरळ होता. सासरी निघालेल्या मुलीला न्हाऊमाखू घालून पाठवावे, तशी ही गाडी चमकवून पाठवावी. म्हणून त्याने यंत्र मागविले. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांजवळ असते ते मोठे, लोकरीची टोपी चढविलेले, एकाच दिशेने गरगरणारे यंत्र त्याला मुद्दाम नको होते. त्याने कोणी गाडीचा रंग जाळल्याच्या कथा त्याने ऐकल्या होत्या. हे लहान यंत्र फिरता फिरता डोलते. त्याची चकती स्वतःभोवती फिरते आणि तिचा मध्यही काही मिलिमीटरांच्या एका छोट्या वर्तुळात भ्रमण करीत असतो. पृथ्वीच्या दोन गतींसारखाच हा प्रकार. त्यामुळे एकाच ठिकाणी उष्णता साचत नाही आणि नवशिक्याच्या हातून होणारा अनर्थ लहान राहतो. लहान राहतो, टळतोच असे नाही.

पाचांपैकी कोणता पॅड मेणासाठी, हे सांगणारा कागद पेटीत नव्हता. मुलाने पूर्वी एका चित्रफितीत नारिंगी पॅडने मेण लावताना पाहिले होते, म्हणून त्याने नारिंगी उचलला. आता फोमच्या पॅडांच्या रंगांना सार्वत्रिक असा काही अर्थच नाही. एका उत्पादकाचा नारिंगी हा घासणारा, दुसऱ्याचा मध्यम. एकाचा काळा सर्वांत मऊ, तर दुसऱ्याकडे त्या जागी लाल किंवा निळा. रस्त्यावरच्या दिव्यांचे तांबडे-हिरवे सर्वत्र एक असते, तसे येथे नाही. प्रत्येक कारखान्याची बोली वेगळी, आणि एका बोलीचा कोश हाती धरून दुसऱ्या बोलीतला मजकूर वाचू पाहणाऱ्याचे जे होते तेच मुलाचे झाले. त्यात यंत्रासोबत आलेल्या बाटलीवर ‘क्लीनर वॅक्स’ असे नाव होते. शेवटी मेण असले तरी नावाच्या आरंभीच सफाई होती. त्या पातळ, सुवासिक मेणात सूक्ष्म घर्षक कण मिसळलेले असतात. कडक पॅड, घर्षक मेण, वेग चौथ्या आकड्यावर, आणि बॉनेटच्या मधोमध जाणारी उंच कड. अर्ध्या मिनिटात पॅड निळा झाला. मुलाला वाटले, मळ निघतो आहे. आणखी पंधरा-वीस सेकंदांनी त्या कडेवर हरभऱ्याच्या डाळीएवढा तांबूस ठिपका उघडा पडला. तो गंज नव्हता. रंगाखालचा प्रायमर होता.

यंत्र थांबले. अण्णांनी विचारले, “का रे, वीज गेली?”

“नाही, अण्णा. पॅड बदलायचाय.”

तेव्हा कोठे अण्णांना पुण्याचा निरोप आठवला, आणि त्यांनी तो सांगितला.

या अपघातामागचे शास्त्र थोडक्यात सांगता येईल. आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, सुमारे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा; घासावयाचे ते त्यालाच, आणि रंग खाली सुरक्षित राहतो. त्या काळच्या पद्मिनीवर असे कवच नाही. जो दिसतो तोच रंग, आणि हात लागतो तोही रंगालाच. म्हणून पॅडवर निळे उतरले ते मळ नव्हे, गाडीच उतरली. त्यातून धातूच्या धारदार वळणावर ओला रंग मुळातच ठरत नाही; तो दोन्ही अंगांना ओघळतो आणि ऐन कडेवर सर्वांत पातळ राहतो. सपाट जागी खपून गेली असती अशी चूक कडेवर खपत नाही. कसलेले कारागीर कडांवर कागदी चिकटपट्टी लावून मगच यंत्र हाती घेतात. हे ज्ञान मुलाला दुसऱ्या दिवशी झाले.

ते झाले सिकंदराबादेत, राणीगंजच्या बाजारात. लोखंडी सामान, पंप, पट्टे, बेअरिंगे यांच्या गर्दीत घासण्या-पुसण्याच्याच सामानाचे एक अरुंद दुकान होते. पॉलिश कागदाच्या रंगीत थप्प्यांमागे बसलेल्या वृद्ध दुकानदाराने मुलाचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला: “मोम लगाना है कि रंग घिसना है, साब? पैले वो बोलो.”

मुलगा म्हणाला, मेणच लावावयाचे आहे. तेव्हा दुकानदाराने सात-आठ पॅड काढून पुढे टाकले आणि वर बजावले, “रंग कू नक्को देखो. अंगूठे से दबाको देखो.” दख्खनीतले हे ‘नक्को’ आपल्या ‘नको’चेच भावंड. परंतु मराठी ‘नको’त कधीकधी विनवणी असते, आणि राणीगंजच्या ‘नक्को’त चाळीस वर्षांच्या अनुभवाचा दरारा होता.

अंगठ्याने दाबून पाहावयाचे म्हणजे काय पाहावयाचे? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. फोम म्हणजे पॉलियुरेथेन, १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या द्रव्यकुळातले. त्याच्या घटकांशी पाण्याचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, द्रव्य फुगते, आणि बुडबुड्यांच्या भिंती तेवढ्या घट्ट होऊन मागे राहतात. म्हणजे पॅड हा मुख्यतः पोकळीचाच बनलेला असतो. आता गादीच्या दुकानात ‘चाळीस डेन्सिटी’ असे ऐकून आपल्याला वाटते की घनता अधिक म्हणजे गादी कडक. वस्तुतः घनता हे वजन झाले आणि कडकपणा हा विरोध. जड असूनही मऊ आणि हलका असूनही ताठर असा फोम बनविता येतो. मेणाच्या पॅडाला ताठरपणा नको असतो, कारण त्याने रंगाला विरोध करावयाचा नाही. परंतु अतिमऊपणाही कामाचा नाही. दाबला की तळाला टेकणारा फोम मेण आपल्या पोटात ओढून घेतो आणि गाडीवर फारसे काही ठेवीत नाही. दाबता क्षणी वाकेल आणि सोडता क्षणी परतेल असा तो हवा. बारीक छिद्रांचा पॅड मेण पृष्ठभागावर धरून ठेवतो. मोठ्या, उघड्या छिद्रांचा ते पिऊन टाकतो.

जाडीचेही तसेच. जाड पॅड म्हणजे अधिक मऊ आणि अधिक सुरक्षित, अशी मुलाची समजूत होती. दुकानदाराने एक जाड पॅड तळहातांमध्ये धरून डोलविला: वरचा हात हलत होता, खालचा स्तब्ध. लहान यंत्राची चकती काही मिलिमीटरच डोलते. तेवढी हालचाल जाड फोम वाटेतच गिळून टाकतो आणि रंगावर पॅड नुसता थरथरत उभा राहतो. म्हणून लहान यंत्राला पातळ पॅड. तो चकतीपेक्षा व्यासाने किंचित मोठा हवा, म्हणजे चकतीची कठीण कड चुकून रंगाला लागणार नाही. तोंड सपाट असावे की खाचांचे, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. खाचा असल्या की पॅड चिकटत नाही आणि यंत्र सुरळीत धावते. सपाट तोंड मेण अधिक एकसारखे पसरते. येथे दुकानदाराने पक्ष घेतला नाही. तीन पॅड मुलाच्या हाती ठेवून तो म्हणाला, तिन्ही घेऊन जा, घरी ज्याचा हात चांगला असेल त्याला निवडू द्या, उरलेले परत आणा. असे दुकानदार आता थोडे उरले आहेत, आणि ते ओळीने अशा बाजारांतच बसलेले असतात जेथे कोणी हिंडावयास म्हणून जात नाही.

मेणाचा डबाही तेथूनच घेतला, आणि त्यात घर्षक नाही याची खात्री करून घेतली. हे मेण कार्नौबाचे. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या रुक्ष प्रदेशात ताडाच्या कुळातला हा वृक्ष वाढतो. दीर्घ कोरड्या ऋतूत पानांतली ओल उडून जाऊ नये म्हणून तो आपल्याच पानांवर मेणाचा लेप चढवितो. माणसे पाने तोडतात, वाळवितात, झोडपतात, आणि झडलेली भुकटी वितळवून गाळतात. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते. कार्नौबाला ८२ ते ८६ अंश लागतात. नुसते असेल तर ते इतके कठीण असते की लावता येणार नाही, म्हणून तेले, द्रावके आणि नरम मेणे मिसळून त्याला वळण लावतात. मे महिन्यात गाडीच्या टपावर हात ठेववत नाही अशा शहरात, दुष्काळी प्रदेशातल्या झाडाने स्वतःसाठी योजिलेला हा उपाय यावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

त्या आठवड्यात मुलगा रोज संध्याकाळी काचीगुड्याला येत राहिला. एके दिवशी काळोख पडल्यावर, आणखी कोठे इजा झाली आहे काय हे पाहण्यासाठी, त्याने गाडीवर बॅटरीचा झोत टाकला. तेव्हा त्याला ती जाळी दिसली. झोताभोवती हजारो केसासारख्या बारीक रेषा वर्तुळाकार उभ्या राहिल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. झोत सरकला की जाळी सरकत होती. बॉनेट, दरवाजे, डिकी, कोठेही पाहावे तर ती होतीच. गाडी बाहेर भोपाळला नाही की विशाखापट्टणला नाही. या अंगणातून दवाखाना, बाजार आणि नाटकाचे सभागृह एवढाच तिचा प्रवास. मग इतके ओरखडे कोठून आले? उत्तर ओट्याच्या खुंटीला टांगलेले होते: अण्णांच्या जुन्या धोतराचे फडके. वीज मंडळात हिशेबनीस असलेले अण्णा रोज सकाळी सात वाजता, संध्या आटोपून, कोरड्या फडक्याने गाडी पुसत. पाणी वाया जाऊ नये म्हणून कोरड्या. धोतर धुऊनधुऊन लोण्यासारखे मऊ झालेले होते; पण रात्रभर बसलेली धूळ मऊ नव्हती. डेक्कनच्या ग्रॅनाइटची ती धूळ, रंगाहून कितीतरी कठीण. फडके तिला गोलगोल फिरवीत राहिले, तीस वर्षांहून अधिक काळ. काळजी जितकी नियमित, तितकी जाळी दाट.

आता मुलापुढे खरा प्रश्न आला, आणि तो पॅडचाच प्रश्न होता. ही जाळी काढता आली असती. मध्यम पॅड, सूक्ष्म घर्षक, सपाट जागेवर दोन-तीन फेरे, आणि खालचा निळा आरशासारखा उघडा झाला असता. ओरखडा भरून येत नसतो. त्याच्या तळापर्यंत भोवतालचा रंग उतरविला की तो नाहीसा होतो; खड्डा जात नाही, भोवतालची जमीन खाली येते. चाळीस वर्षांत उन्हाने आणि फडक्याने किती रंग नेला आणि किती उरला आहे, हे मोजावयाचे साधन त्याच्याजवळ नव्हते. पुण्याच्या गृहस्थांचा निरोप तर होताच. शिवाय ज्या रेषा काढावयाच्या त्या कोणाच्या हातच्या, हेही त्याला आता ठाऊक झाले होते. ते ठाऊक नसते तर बरे झाले असते, असे त्याला वाटले काय, हे सांगता येत नाही. त्याने अण्णांना त्यांतले काहीच सांगितले नाही. नारिंगी आणि पिवळा पॅड मात्र पेटीत घालून पेटी माळ्यावर ठेवली.

पुढच्या रविवारी राणीगंजचे तीन पॅड अण्णांच्या मांडीवर आले. त्यांनी ते पाहिले नाहीत. पाहून उपयोगही नव्हता. प्रत्येक पॅड त्यांनी उजव्या अंगठ्याने दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पहिल्याविषयी ते म्हणाले, “हा फसलेल्या इडलीसारखा आहे. दाबला की उठतच नाही.” दुसरा त्यांनी गालावरून फिरविला आणि खरखरतो म्हणून बाजूला केला. तिसऱ्यावर अंगठा थोडा अधिक रेंगाळला. “हा घे. याला काय सांगायचंय ते कळतं.”

तो पांढरा होता. मुलगा म्हणाला, “अण्णा, तुम्ही पूर्वी हे कधी हाताळलंत?”

“हिशेबाच्या वह्यांवर रबर कोणतं चालवायचं, हे बघायला लागायचं. कडक रबरानं कागद फाटतो. नुसतं मऊ असेल तर शाई पसरते.”

गाडी आधी धुतली गेली. दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक फडके खळबळून घेण्याची, म्हणजे निघालेली माती पुन्हा रंगावर जाऊ नये. ती सावलीत, थंड पत्र्यावर. कडांना चिकटपट्टी. पॅडवर तुरीच्या डाळीएवढे चार ठिपके मेण, वेग दुसऱ्या आकड्यावर, आणि यंत्रावर हाताचा भार शून्य. यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते. मेणाच्या बाबतीत नवशिक्याची हमखास चूक म्हणजे उदारपणा. जाड थराने चमक वाढत नाही. रंगाला बिलगून राहणारा थर अतिशय पातळ असतो आणि वरचे सारे पुसून फेकावेच लागते. मुलाने दीड-दोन हातांचा एकेक चौक घेतला, आडवे फेरे, मग उभे, प्रत्येक फेरा आधीच्याच्या अर्ध्यावर. मेण धुक्यासारखे पांढुरके झाले की बोट ओढून पाहावयाचे. बोटामागे स्वच्छ वाट उमटली की पुसावयाचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात पराक्रम नाही. यंत्राचा आवाजही मोठा नव्हता. अंगणातल्या जास्वंदीवरचे पक्षी उडाले नाहीत.

जाळी गेली नाही. परंतु मेणाने तिच्या कडा थोड्या भरून काढल्या, आणि निळ्यात एक खोली आली. पांढऱ्या पॅडवरही फिकट निळसर छटा चढली, कारण जुन्या उघड्या रंगावरची सुटी भुकटी कितीही मऊ पॅडला लागतेच. निव्वळ माखणे असे काही नसते, हेही तेव्हाच ध्यानात आले.

कडांवरच्या पट्ट्या काढल्यावर तेवढी जागा कोरडी उरली. अण्णा उठले. “तिथलं मी करतो,” म्हणाले. पॅड यंत्रावरून सोडवून त्यांनी हातात घेतला आणि बॉनेटच्या मधल्या कडेवरून मेण लावीत गेले. काचेकडून पुढे, सरळ रेषेत, एकदाही गोल नाही. मुलगा पाहत राहिला. अण्णांचा हात बॉनेटवर सरळ गेलेला त्याने आजवर पाहिला नव्हता. तांबूस ठिपक्यापाशी येताच हात थबकला. रंग संपतो तेथे केसाएवढी पायरी असते. बोटांना ती लागली असावी. क्षणभराने हात पुढे गेला.

पुण्याचे गृहस्थ दसऱ्यानंतर आले. साठीचे, बोलण्यात मृदू. त्यांनी खिशातून रंगाची जाडी मोजणारे एक छोटे यंत्र काढून दरवाजावर, टपावर, डिकीवर टेकविले आणि आकडे वहीत टिपले. मग बॉनेटच्या कडेशी ते वाकले.

“हे इथं काय झालं?”

मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच खुर्चीतून आवाज आला. “ते माझ्या हातचं. तीस-पस्तीस वर्षं रोज कोरड्या फडक्यानं पुसली. झिजायचंच. सांगणारे सांगत होते, ओलं करून पुसा, गोल फिरवू नका. पण सवय.”

“तसं असेल तर हरकत नाही,” पाहुणे म्हणाले. “वापरानं झिजलेलं मला चालतं. यंत्रानं घासलेलं नको होतं.” आणि त्यांनी वहीत काही लिहिले. चहा झाला, रक्कम ठरली, विसार म्हणून काही पैसे अण्णांच्या हातात ठेवले गेले. गाडी दिवाळीनंतर न्यावयाची ठरली.

त्यांना फाटकापर्यंत पोहोचवावयास मुलगा गेला. तेथे त्याने सांगून टाकले की ती कड त्याने स्वतः, या यंत्राने, चुकीच्या पॅडने उघडी केली; वडिलांचा त्यात हात नाही; आणि यामुळे किंमत कमी करावयाची असेल तर ती जरूर करावी.

पाहुण्यांनी रिक्षावाल्याला थांबण्याची खूण केली. “मला दिसलं होतं,” ते म्हणाले. “फडक्यानं झिजलेला रंग हळूहळू विरत जातो. हा ठिपका एकदम तुटलाय, काठ अगदी ताजा आहे. पण ते बोलत असताना मी मध्ये काय बोलणार?” किमतीविषयी ते काही म्हणाले नाहीत. फक्त एवढे विचारले की तो पॅड कोणता होता, आणि नारिंगी म्हटल्यावर, कोणत्या कंपनीचा.

मुलगा परत आला तेव्हा अण्णा ओट्यावर पॅड धुवीत होते. साबणाचे कोमट पाणी, बोटांनी दाबून सोडणे. पिळावयाचे नाही, पिळले की फोम आणि पाठीमागचा चिकट कापडी थर यांतला जोड सुटतो. पांढऱ्या पॅडचा निळसरपणा निघत नव्हता. वाळत घालताना तोंड खाली आणि पाठ वर असावी, म्हणजे पाणी जोडात मुरत नाही, हे मुलाने त्यांना सांगितले, आणि त्यांनी पॅड उलटा केला. दिवाळीनंतर गाडी गेली तेव्हा तो पॅड, मेणाचा डबा आणि सुती फडक्याऐवजी आणलेली दोन मायक्रोफायबरची फडकी, नोंदणीच्या कागदांसोबत डॅशबोर्डच्या कप्प्यात होती. यंत्र आणि बाकीचे पॅड माळ्यावरून खाली आले नाहीत. घर रिकामे करताना ती पेटी भंगारवाल्याकडे गेली.